इलेक्ट्रिक ग्रँड पियानो : चामडी हॅमरचं व्हॉइसिंग आणि एकूण सर्व्हिसिंग

सुरावट_७३

मंडळी, मदत हवी आहे.

यामाहा सीपी-७० च्या जातकुळीतला एक इलेक्ट्रिक ग्रँड सध्या हाताशी आहे. ७३ कीज, दोन तुकड्यांत सुटणारा. खऱ्या तारा, ग्रँडची अ‍ॅक्शन (की दाबली की हॅमर तारेवर मारणारी यंत्रणा), साउंडबोर्ड (आवाज मोठा करणारी लाकडी फळी) नाही, आवाज उचलायला पीझो पिकअप (तारेच्या कंपनाची वीज करणारे), आणि हॅमरवर फेल्टऐवजी चामडं. वाजतो सगळा, पण एकसारखा वाजत नाही. मधल्या सप्तकात काही स्वर फरशीवर नाणं पडावं तसे खणखणतात आणि त्यांच्या शेजारचे दबून बसलेले. वरच्या टोकाला सुरापेक्षा 'टक्' जास्त. खालच्या टोकाला तर ट्यूनर म्हणतो बरोबर आणि कान म्हणतो चूक. याखेरीज मागे सतत एक बारीक घूंऽऽ आहे.

अ‍ॅक्शन बाहेर काढून हॅमर बघितले. चामड्यावर तारांच्या खाचा पडल्यात आणि खाचांच्या तळाशी चामडं काळपट, गुळगुळीत, चकचकीत झालंय. काही हॅमरवर आधीच्या कुणीतरी पारदर्शक काहीतरी लावलंय, नखाने टकटक करतं.

व्हॉइसिंगवर, म्हणजे हॅमरचा कडक-मऊपणा जुळवून स्वराचा पोत ठरवण्यावर, वाचायला भरपूर मिळतं, पण सगळं फेल्टचं. कडक वाटला तर सुया टोचा, मऊ वाटला तर लॅकर द्या. चामड्याला हे चालतं का? की सरळ चामडं बदलू?

---

खटपट्या

सुई खाली ठेवा आधी. सविस्तर रात्री लिहितो.

---

मंद्र

वाचतोय. वाचनखूण साठवली.

---

अनाहत

खटपट्या येईपर्यंत थोडी पार्श्वभूमी, कारण सुई का नको याचं उत्तर त्यातच आहे.

फेल्ट म्हणजे लोकरीचे तंतू एकमेकांत गुंतवून दाबलेले, आणि पियानोच्या हॅमरवर ते प्रचंड ताण देऊन गुंडाळलेले असतात. सुई टोचली की हा कोंडलेला ताण थोडा मोकळा होतो, तंतू फुलतात, हॅमर मऊ होतो. चामड्यात तसा ताण कोंडलेला नसतो. त्याचे तंतू कातडीत जन्मतःच विणलेले असतात. सुईने ते फुलत नाहीत, तुटतात. एक भोक पडतं, मग खाचेच्या रेषेत दुसरं, आणि एक दिवस त्याच रेषेवर चामडं फाटतं.

आणि चामडी हॅमर ही काही सत्तरच्या दशकातली टूम नाही. पियानोचा जनक क्रिस्तोफोरी, त्याच्या पियानोतसुद्धा तारेवर चामडंच पडायचं. व्हिएन्नाच्या कारागिरांनी तर हरणाच्या कातड्याचे थर देऊन स्वराचा पोत ठरवला. फेल्ट आलं ते पाप नावाच्या पियानोकाराने १८२६ मध्ये पॅरिसला पेटंट घेतलं तेव्हापासून. म्हणजे पियानोच्या इतिहासातली पहिली सव्वाशे वर्षं व्हॉइसिंग म्हणजे चामड्याचंच काम होतं. आज फोर्तेपियानो (म्हणजे तो जुना, चामडी हॅमरचा पियानो) दुरुस्त करणारी मंडळी तेच करतात. त्यांचे लेख शोधा, इलेक्ट्रिक ग्रँडवाल्यांच्या लेखांपेक्षा जास्त हाती लागेल.

साउंडबोर्ड काढून विजेवर आवाज मोठा करण्याची कल्पनाही जुनी. बर्लिनला नर्न्स्टच्या पुढाकाराने निओ-बेक्स्टाइन नावाचा पियानो १९३१ मध्ये निघाला होता. नर्न्स्ट म्हणजे तोच, रसायनाचं नोबेल मिळालेला.

---

मंद्र

नोबेलवाला पियानो बनवत होता हे माहीत नव्हतं. चामड्याला सुई का नको हे पटलं. पण मग फेल्टच का लावत नाहीत लोक? बदलायचंच आहे तर.

---

अनाहत

@मंद्र, काही जण लावतात. पण मग तो वाद्याचा आवाज राहत नाही. हॅमर तारेला जितका कमी वेळ टेकून राहतो तितके वरचे हार्मोनिक (मूळ स्वराच्या पटीतले उपस्वर) जास्त वाचतात. जास्त वेळ रेंगाळला तर तोच ते दाबून टाकतो. पातळ, घट्ट चामडं झटकन सुटतं. ती जी खणखणीत सुरुवात बँडच्या गोंगाटातून वर येते, ती तिथून येते. जेनेसिस बँडच्या टोनी बँक्सपासून कीन बँडच्या टिम राइस-ऑक्सलीपर्यंत लोक या वाद्यामागे लागले ते त्याच आवाजासाठी. शिवाय फेल्टची जाडी आणि वजन वेगळं, म्हणजे अ‍ॅक्शनचं सगळं रेग्युलेशन (भागांची जुळणी) पुन्हा करावं लागतं.

---

खटपट्या

आलो.

सुरावट, तुम्ही व्हॉइसिंग विचारताय, पण तुमच्या वर्णनातल्या निम्म्या तक्रारी हॅमरच्या नसाव्यात असं मला वाटतं. साध्या पियानोत हॅमर, तार, साउंडबोर्ड एवढंच असतं. इथे प्रत्येक स्वराच्या वाटेत पिकअप बसलाय. एखादा स्वर दबलेला असेल तर गुन्हेगार हॅमर की पिकअप, हे ठरवल्याशिवाय चामड्याला हात लावू नका. चामडं घासून गेलं की परत येत नाही.

ठरवायचं कसं? छेडून. ट्रेमोलो बंद, बास-ट्रेबल मधोमध, मिक्सरवर मीटर समोर. की इतकी हळू दाबा की डँपर (तार दाबून गप्प ठेवणारा) उठेल पण हॅमर तारेला लागणार नाही. ती धरून ठेवा आणि गिटारच्या प्लेक्ट्रमने तार छेडा, दर वेळी साधारण त्याच जागी आणि त्याच जोराने. मग पुढची. सगळे ७३ करा, कंटाळा येईल, तरी करा. वहीत प्रत्येक स्वरापुढे मीटर कुठवर गेलं ते लिहा. मग तेच हॅमरने वाजवून शेजारच्या रकान्यात लिहा.

छेडल्यावर शेजाऱ्यांइतकाच वाजतो आणि हॅमरने दबतो, तो हॅमरचा प्रश्न. दोन्हीकडे दबतो तो पिकअपचा. छेडल्यावरच खरखरतो तो बहुतेक तारेचा किंवा ब्रिजवरच्या (तार टेकते त्या घोडीवरच्या) कचऱ्याचा. ही वही झाल्यावर पुढचं बोलू.

तोवर एक गोष्ट मात्र आजच बघा. हार्पचा, म्हणजे तारांच्या फ्रेमचा, तुकडा कीबोर्डच्या तुकड्यावर नीट बसलाय का? सगळ्या कड्या पूर्ण लागल्यात का, मध्ये काही अडकलंय का? वरच्या टोकाला तारेची वाजती लांबी इतकी कमी असते की हॅमर पडण्याची जागा मिलिमीटरभर सरकली तरी सूर जाऊन नुसता ठोका उरतो. तुमचं 'टक्' तिथलं असू शकतं.

---

सोल्डरमामा

घूंऽऽ बद्दल मी बोलतो.

पहिलं म्हणजे मागच्या पाटीवरचं व्होल्टेज वाचा. या काळातली वाद्यं वेगवेगळ्या देशांसाठी वेगवेगळ्या व्होल्टेजची निघाली. १०० व्होल्टचं यंत्र २३० ला लावलं तर व्हॉइसिंगचा प्रश्नच मिटेल.

पीझो पिकअपचा इम्पीडन्स (विजेला होणारा अडथळा) फार जास्त असतो, म्हणून ते आसपासची सगळी विद्युत घाण गोळा करतात. हात तारांच्या फ्रेमला लावा. घूं कमी झाली तर फ्रेमचं अर्थिंग कुठेतरी तुटलंय. दोन तुकडे जोडणाऱ्या कनेक्टरपासून सुरुवात करा, पिना काळ्या पडलेल्या असतात. कनेक्टर काढताना-घालताना वीज बंद, अ‍ॅम्प बंद. हात लावून काहीच फरक पडला नाही आणि घूं जाड, खर्जातली असेल, तर प्रीअ‍ॅम्पच्या (पिकअपचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या भागाच्या) पॉवर सप्लायमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बघा. इतक्या वर्षांनी ते आटलेले असणं अगदी स्वाभाविक आहे. ते बदलले की घूंच काय, आवाजाचा तळही सुधारतो, आणि मग लोकांना वाटतं हॅमर बदलल्यासारखं झालं!

खटपट्यांच्या वहीत एक पुरवणी. एकटाच स्वर दबलाय तर त्याचा पिकअप किंवा त्याची तार-जोडणी. शेजारशेजारचे पाच-सहा एकदम दबलेत तर त्यांचा सामाईक जोड. सगळंच दबलंय तर प्रीअ‍ॅम्प. पिकअपला डाग द्यायची (सोल्डर करायची) वेळ आलीच तर सोल्डरिंग आयर्न गरम आणि हात चपळ. पीझो सिरॅमिक जास्त तापलं तर त्याचा गुणच जातो, मग ते नुसतं खापर.

---

बारकाई

सुईबद्दल सरसकट 'नको' म्हणताय ते मला मान्य नाही. मी जाड चामड्याच्या हॅमरला खांद्यावर, म्हणजे तार लागते त्या जागेपासून लांब, एकेक बारीक टोचा देते. फरक पडतो. फाटलेलं नाही काही.

---

खटपट्या

@बारकाई, जाड चामडं असेल आणि खाली मऊ थर असेल तर सुई त्या खालच्या थरावर काम करत असणार, चामड्यावर नाही. ते शक्य आहे, मी मोडीत काढत नाही. पण नवख्याला 'खांद्यावर' सांगितलं की तो डोक्यावर टोचतो, हे मी पाहिलंय. आणि इथे खाचा पडून चामडं आधीच पातळ झालंय.

---

बारकाई

बरं, खाचा पडलेल्याला नको, एवढं मान्य. बाकीचं माझं मत कायम.

---

सुरावट_७३

वही झाली. खरंच कंटाळा आला.

निकाल: वरच्या टोकाचं 'टक्' बरंचसं गेलं. हार्पची उजवी बाजू पूर्ण बसलीच नव्हती, खालून एक वायर दाबली गेली होती. मधले दबलेले स्वर दोन प्रकारचे निघाले. काही छेडल्यावरही दबलेलेच, ते शेजारशेजारचे आहेत. बाकीचे छेडल्यावर ठणठणीत. खणखणणारे स्वर मात्र सगळे हॅमरचेच, आणि त्यातले बरेचसे ते लॅकरवाले.

पाटीवर व्होल्टेज योग्य आहे. फ्रेमला हात लावला की घूं निम्मी होते.

---

सोल्डरमामा

शेजारशेजारचे म्हणजे सामाईक जोड. घूं म्हणजे अर्थ. दोन्ही एकाच दुपारचं काम. कनेक्टरच्या पिना आयसोप्रोपिलने पुसा, पण पिकअपवर ओघळू देऊ नका. मग जोडांवरची जुनी डागडुजी भिंगातून बघा. राखाडी, भेगाळलेली दिसली की पुन्हा डाग द्या.

---

खटपट्या

छान. आता उरलेल्या खऱ्या हॅमरच्या स्वरांकडे.

त्यातही आधी रेग्युलेशन. हॅमर तारेच्या बरोबर मधोमध पडतो का, शँक (हॅमरची दांडी) वाकडी झालीय का, फ्लँजचा (त्या दांडीच्या बिजागरीचा) स्क्रू ढिला आहे का. ढिला फ्लँज असलेला हॅमर दर वेळी वेगळ्या जागी पडतो आणि आपण चामड्याला दोष देत बसतो. लेट-ऑफ (की हॅमरला तारेपासून जितक्या अंतरावर सोडून देते ते) बघा, साध्या ग्रँडला तो तारेपासून दीड ते तीन मिलिमीटरवर ठेवतात, इथेही त्याच आसपास सुरू करा आणि सगळ्यांचा एकसारखा ठेवा. एकाचा जवळ, एकाचा लांब असेल तर बोटाला आणि कानाला दोन्हीकडे खड्डे जाणवतात.

जिथे एका स्वराला दोन तारा आहेत तिथे हॅमर दोन्हींना एकाच क्षणी लागतो का ते बघा. हॅमर हलकेच वर उचलून तारांना टेकवून धरा आणि दोन्ही तारा आळीपाळीने छेडा. दोन्ही मुक्या राहिल्या तर उत्तम. एक वाजली तर हॅमर तिला टेकलेला नाही. तारा एका पातळीत आहेत ना हे आधी पाहा, आणि मगच हॅमरच्या डोक्याला हात घाला. तुमच्या 'पातळ, खणखणीत' स्वरांपैकी काही इथेच सापडतील, कारण एकच तार धडपणे वाजतेय.

आता चामडं.

चकाकी आलेलं पण धड असलेलं चामडं असेल तर त्याला लव परत आणायची. बुटांच्या स्यूडला वापरतात तो बारीक पितळी तारांचा ब्रश घ्या. दोन्ही खांद्यांकडून डोक्याकडे, हलक्या हाताने. आडवा घासू नका, डोकं चपटं होतं. दर तीन-चार फटक्यांनंतर अ‍ॅक्शन आत घालून ऐका. हो, दर वेळी. ब्रशने भागलं नाही तर ४०० नंबरच्या पॉलिश पेपरची हॅमरच्या रुंदीची पट्टी, तीही खांद्याकडून डोक्याकडे, फक्त चकाकी जाईपर्यंत. खाच पूर्ण नाहीशी करायचा मोह होतो. करू नका. खाचेइतकं चामडं घासलं तर उरतं काय? खाचेची कड मोडली आणि तळाची चकाकी गेली की पुरे.

उलट एखादा हॅमर फार मऊ असेल तर लॅकर न लावता घोटायचा. गुळगुळीत हाडाची पट्टी किंवा चमच्याची पाठ चामड्यावर दाबून फिरवायची. घर्षणाने चामडं घट्ट होतं आणि बेताबेताने होतं. जास्त झालं तर ब्रश आहेच. लॅकरचं तसं नाही, ते चामड्यात मुरतं आणि तिथेच राहतं.

चामड्याला तेल, मेण, बुटाचं क्रीम लावून 'जीव आणणारे' लोक भेटतील. नमस्कार करून पुढे जा. तेल तारांवर जातं, धूळ धरतं, आणि खर्जाच्या तांबं गुंडाळलेल्या तारांच्या वेढ्यांत शिरलं की ती तार कायमची बोथट.

लॅकरवाल्या हॅमरचं मात्र चामडं बदला. त्यावर दुसरा उपाय मला माहीत असलेल्यांत नाही.

---

चर्मयोगी

बदलण्याच्या भागावर चार शब्द, धंदा तोच आहे. पियानोतलं मला शून्य कळतं, चामड्यातलं कळतं.

जुनं चामडं एका टोकाच्या, कमी वाजणाऱ्या हॅमरवरून आधी सोडवा आणि खाली काय आहे ते बघा. नुसतं लाकूड, की मधे दुसरा थर. जाडी व्हर्नियरने मोजा, पण खाच नसलेल्या जागी. नवं तेवढ्याच जाडीचं घ्या. जाडी एका कातड्यातसुद्धा बदलते. पोटाकडचं सैल आणि ताणलं जाणारं, पाठीकडचं घट्ट. सगळ्या पट्ट्या पाठीच्या भागातून, एकाच दिशेने कापा, नाहीतर एक हॅमर मऊ आणि एक कडक हे तुम्ही स्वतःच्या हाताने बनवाल. हरणाच्या जातीचं मऊ कातडं ताणून बघा. एका दिशेला जास्त ताणतं, दुसऱ्या दिशेला कमी. कमी ताणणारी दिशा पट्टीच्या लांबीत ठेवा.

पट्टीच्या दोन्ही टोकांच्या कडा रापीने तिरप्या छिला, म्हणजे चिकटल्यावर पायरी राहत नाही.

---

अनाहत

चर्मयोगी, नाव आवडलं!

यात फोर्तेपियानोवाल्यांकडची एक गोष्ट घालतो. गोंद फक्त खांद्यांना लावतात, डोक्यावर नाही. जिथे तार पडते तिथे चामड्याखाली गोंद असेल तर तो वाळून कडक कवच होतं आणि आवाज पुन्हा लॅकरसारखाच. चामडं किती ओढून चिकटवलं यावरही स्वर बदलतो. घट्ट ओढलं तर उजळ, जरा सैल ठेवलं तर गोल. म्हणजे खरं व्हॉइसिंग चिकटवतानाच होतं, ब्रश नंतरचा. आणि गोंद म्हणाल तर गरम सरस. उद्या पुन्हा बदलायचं झालं तर ओलावा आणि ऊब देऊन सुटतो.

---

मंद्र

खर्जाचं कुणीच बोललं नाही, म्हणून मी. नावाला जागतो.

७३ की चा सर्वांत खालचा स्वर ई, सुमारे ४१ हर्ट्झ, म्हणजे बेस गिटारच्या खुल्या जाड तारेचाच. मोठ्या कॉन्सर्ट ग्रँडमध्ये त्याला भरपूर लांब तार मिळते. इथे वाद्य उचलून न्यायचं म्हणून तार आखूड, आणि आखूड करून तो खर्ज काढायचा तर ती जाड करावी लागते. आखूड, जाड तार सळईसारखी वागायला लागते आणि तिचे हार्मोनिक हवे त्यापेक्षा वर सरकतात. ट्यूनर मूळ स्वर मोजतो, कान मात्र खर्जात हार्मोनिक ऐकतो. म्हणून ट्यूनर हो म्हणतो आणि कान नाही.

उपाय: खालचं सप्तक मूळ स्वरावर लावू नका. वरच्या सप्तकाशी जुळवून लावा, दुसऱ्या हार्मोनिकवर किंवा त्याहून वरच्यावर ठोके (न जुळलेल्या दोन स्वरांची डुगडुग) थांबेपर्यंत. तारेची ही सरक मोजून ट्यूनिंगचा वक्र काढणारी सॉफ्टवेअर मिळतात, ती या वाद्याला फार उपयोगी पडतात. आणि ऐकताना हेडफोन किंवा अ‍ॅम्पवरच ऐका, नुसत्या तारांकडे कान लावून नको. लोकांना जे पिकअपमधून जातं तेच लागलं पाहिजे.

एक बरं आहे. साउंडबोर्ड नसल्यामुळे दमट हवेत बोर्ड फुगणं आणि सूर चढणं-उतरणं हा प्रकार इथे जवळजवळ नाही. एकदा नीट लावला की बऱ्यापैकी टिकतो.

---

बारकाई

मंद्र, हे पहिल्याच प्रतिसादात यायला हवं होतं. बेसूर वाद्याचं व्हॉइसिंग करून काय उपयोग? दोन तारांच्या स्वरांत एक जरा उतरलेली असली की आवाज आपोआप 'कर्कश' वाटतो.

---

खटपट्या

बरोबर. क्रम असा धरा: बैठक, वीज, रेग्युलेशन, सूर, आणि मग चामडं.

---

सुरावट_७३

पुढची खबर.

सोल्डरमामा, शेजारशेजारच्या स्वरांचा जोड भेगाळलेलाच होता. आता ते बाकीच्यांच्या बरोबरीने वाजतात. कनेक्टर साफ केल्यावर आणि फ्रेमची अर्थची वायर पक्की केल्यावर घूं गेली. बारीक सस्स आहे, ते गाण्यात ऐकू येत नाही.

मंद्र, खर्ज तुमच्या पद्धतीने लावला. ट्यूनर आता नाही म्हणतो, कान हो म्हणतो.

दोन फ्लँज ढिले निघाले. ब्रशने बाकीचे हॅमर जमले, पॉलिश पेपर फारसा लागला नाही. लॅकरवाल्यांचं चामडं सोडवलं, नवं सरसाने बसवलंय. ओढ एकसारखी ठेवायला त्रास झाला. नव्या चामड्याचे स्वर मात्र शेजारच्यांपेक्षा गोल आणि किंचित मागे वाटतात. घोटू का आत्ताच?

---

अनाहत

आत्ता नको.

---

खटपट्या

थांबा. नवं चामडं तारेच्या ठोक्यांनी स्वतःच दबतं आणि उजळतं. आज घोटून शेजाऱ्यांच्या बरोबरीला आणलंत तर महिन्याभराने तेच खणखणायला लागतील. नेहमीसारखं वाजवत राहा, आणि त्या हॅमरच्या कीज मुद्दाम थोड्या जास्त वाजवा. मग पुन्हा वही काढा. दबल्यामुळे हॅमरचं डोकं तारेपासून किंचित लांब गेलेलं असेल, म्हणून आधी त्यांचा लेट-ऑफ तपासा. तरीही मागे असतील तर चमचा घ्या.

---

सोल्डरमामा

सस्स राहू द्या, पण कपॅसिटर केव्हा बदलले ते माहीत नसेल तर बदलून टाका. पुढचा धागा त्याचाच निघेल नाहीतर.